खाली घातलेली मान
लॉन्ड्रीतल्या रोबोटनं इस्त्रीच्या यंत्राचं तापलेलं झाकण धाकट्या जावेच्या हातावर दाबलं, तेव्हा थोरली शेजारीच चादरींच्या घड्या घालत होती. तिनं झडप घालून झाकण उचललं. हाताची कातडी झाकणालाच चिकटून राहिली. रोबोटनं छातीवर पंजा ठेवून मान खाली घातली. मागे तिची बोटं चेचली तेव्हाही त्यानं हेच केलं होतं आणि धाकटी विरघळली होती. आताही ती कण्हत म्हणाली, "ताई, मुद्दाम नाही केलं त्यानं. बघा, किती वाईट वाटतंय त्याला." नवऱ्यानं मारलं की दुसऱ्या दिवशी ती हेच सांगायची. थोरलीचं डोकं फिरलं. लोखंडी दांडा उचलून तिनं मान मोडेपर्यंत रोबोटला झोडपलं. डोकं वायरींना लोंबकळलं, तरी पंजा आपला छातीकडे जातच होता. धाकटी बघत राहिली. "ताई, दवाखान्यातून मला तुमच्याकडे न्या," ती म्हणाली. "घरी नको."