तंबाखूचं पाणी

सफुराच्या परसातल्या मिरच्यांवर मावा पडला होता, खोडाखोडावर मुंग्यांची रांग लागली होती. चुलीतली राख टाकून झाली, तरी मावा हटता हटेना.

"तंबाखूचं पाणी मार गो," शेजारची सोनाबाई म्हणाली.

घरात तंबाखू होती, पण ती बोटीवर खलाशी म्हणून गेलेल्या बदरुद्दीनची, सफुराच्या नवऱ्याची. चार वर्षांत त्याचं पत्र नव्हतं. तो आल्या आल्या मागेल, म्हणून सासू दर पावसाळा सरला की त्या डबीला ऊन दाखवायची. कुणाला हात लावू द्यायची नाही. सफुरानं ओटीवरच्या सासूकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी सासूच डबी घेऊन परसात आली.

"सगळी भिजव," म्हणाली. "आन डबी धुऊन ठेव. मिठाला होईल."