श्वास सोडण्याची रीत

“दम धरा,” डॉक्टर ब्यन म्हणाले आणि यनह्वाने धरला.

दम धरायला तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोरियातल्या जेजू बेटाच्या समुद्रात बुड्या मारून शिंपले काढण्यात तिची अडतीस वर्षं गेली होती. ती डाव्या कुशीवर पडली होती. छातीवर गार चिकट मलम, त्यावर डॉक्टरांचं यंत्र. खोलीतला दिवा हळूहळू हिरवा झाला. पलंगाखालून शेवाळाची लांब पानं वर आली आणि सावकाश डोलू लागली. किती बरं वाटत होतं! तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा उजवा हात हलका झाला होता.

“पोटावर जोर द्या... आता सोडा! सोडा, काकू!”

तिने सोडला. ओठांच्या फटीतून, बारीक, लांबच लांब शीळ घालत. पाण्यातून वर आल्यावर सगळ्या बायका सोडतात तसा.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “तिसऱ्यांदा! अहो, एकदम सोडायचा. फस्सकन. शीळ काय घालताय?”

रक्तदाब ठीक, साखर ठीक, मानेतल्या शिरा स्वच्छ, ठोके नियमित. तरी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी जाऊन अडकली होती, आणि ती का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरांना आता एकच शंका उरली होती. जन्माआधी प्रत्येकाच्या हृदयात एक बारीक दार असतं. जन्मल्यावर ते मिटतं. काहींचं नीट मिटत नाही. दम कोंडून जोर केला आणि एकदम सोडला, की ते क्षणभर उघडतं. मग हाताच्या शिरेतून आत सोडलेले बुडबुडे यंत्राच्या पडद्यावर हृदयाच्या पलीकडच्या बाजूला जाताना दिसतात. आणि ही बाई तर रोज शंभरदा दम कोंडणारी. पण शीळ घालत सोडला, तर दार हलतसुद्धा नाही.

पहिल्या वेळी ती सवय होती. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, खरं सांगायचं तर, नव्हती. दार सापडलं तर वर्षभर तरी समुद्र बंद, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नाही सापडलं, तर गोळ्या घ्यायच्या आणि पुढच्या महिन्यात पाण्यात.

कोपऱ्यातल्या खुर्चीत ओकबुन मावशी दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. वय त्र्याहत्तर, यनह्वाची पाण्यातली जोडीदारीण. बुडी जोडीनेच मारायची, एकटीने उतरायचं नाही, हा त्यांच्या गावचा नियम.

“डॉक्टर, ही लबाडी करतेय,” मावशी म्हणाली.

“मावशी!”

“मावशी काय? अडतीस वर्षं तुझी शीळ ऐकतेय. एवढी सुरेल तू कधी घालत नाहीस. डॉक्टरांना गाणं ऐकवायला आणलंय का तुला इथे?”

डॉक्टर हसले. मावशी हसली नाही.

“झटका आला त्या दिवशी, पाण्याखाली, तू माझ्याकडे बघून हसलीस.”

यनह्वाला आठवत नव्हतं.

“अर्ध्या तोंडाने. मला वाटलं, हिला मोठा जनबोक, सगळ्यांत महागडा शिंपला, सापडला, म्हणून मला चिडवतेय. असा राग आला! मी तोंड फिरवलं. माझा शिंपला आधी खडकावरून सोडवला, मगच वळले. तेव्हाही तू तशीच हसत होतीस, आणि हातातलं हत्यार केव्हाच गळून पडलं होतं.” मावशीने पिशव्या घट्ट धरल्या. “पुन्हा हसलीस, तर ते कोणतं हसू, मला कळणार नाही गं.”

यनह्वाला मावशीची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

“परत करू या,” ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी सिरिंजमधलं मिठाचं पाणी हलवून हलवून पुन्हा फेसाळून घेतलं. यनह्वा दम धरून पुन्हा खाली गेली. या वेळी पाणी फार खोल होतं. उजेड हिरव्याचा निळा झाला, निळ्याचा काळा. तळाशी खडकाला एक जनबोक चिकटला होता, चांगला सुपाएवढा. आणखी एक हात, की तो तिचा. लांबून कोणीतरी म्हणत होतं, सोडा. नव्या पोरींना जे करू नका म्हणून ती जन्मभर बजावत आली, तेच तिने केलं. श्वास एकदम सोडून दिला.

पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची एका बाजूला गर्दी झाली होती. त्यातला एक पलीकडच्या काळोखात गेला. मग दोन, मग भसाभस. बुडबुडे असे आडवे जाताना तिने कधी पाहिले नव्हते. छान दिसत होते.

“हे बघा दार,” डॉक्टर हळूच म्हणाले. “बुजवता येतं, मांडीच्या शिरेतून. घाबरू नका. समुद्राचं वर्षभराने बघू.”

वर्षभर. यनह्वाचे डोळे भरून आले. मग तिच्या ध्यानात आलं, गावातल्या बाकीच्या जोड्या कधीच्याच ठरलेल्या होत्या.

“मावशी, तू कोणाबरोबर जाणार गं?”

मावशी उठली. पिशव्या तिने खुर्चीवर ठेवल्या, कागदी रुमाल घेतला आणि यनह्वाच्या छातीवरचं मलम पुसू लागली.

“मी कुठली जातेय आता,” ती म्हणाली. “इकडे वळ. अजून ओलं आहे.”