निळ्या डोळ्याची अंगठी

"अंगठी सैल होतेय, साइज करून घेऊ," असं सुचिताला सांगून जयमालाबाई आणि त्यांची धाकटी सून प्राची सराफाच्या दुकानात शिरल्या. आत एसी फार, म्हणून प्राचीच्या पाच महिन्यांच्या अभिरामला घेऊन सुचिता, म्हणजे तिची थोरली जाऊ, बाहेर सावलीत थांबली. बाळ जवळ मिळालं, सुचिताला तेवढंच हवं होतं.

काउंटरवर अंगठी ठेवताना जयमालाबाईंनी आवाज खाली आणला. "मोडीत घालायचीय. आधी नीट बघून सांग, सोनं आहे का नुसता मुलामा."

पिवळ्या कडीवर निळ्या मीन्याचा डोळा, भोवती बारीक खडे. हल्ली कॉलेजच्या मुलींच्या हातात दिसते तशी. बारशाला सुचिताने ती प्राचीच्या बोटात घातली होती. म्हणाली होती, "बाळाला तीट लावायला सगळे आहेत. ही तुला. आईलाही दृष्ट लागते."

काउंटरमागच्या प्रितमने भिंग डोळ्याला लावलं. "अठरा कॅरेट आहे, काकू."

"बघ," जयमालाबाई प्राचीला म्हणाल्या. "चार आणे भेसळ."

"भेसळ नाही ओ. हिरे बसवायचे तर अठराच घेतात. बावीस मऊ पडतं."

"हिरे?"

"बारीक आहेत. पण खरे आहेत."

 पुढच्या महिन्यात उष्टावण होतं. ही मोडून नातवाला साखळी करायची, आणि थोरलीने फॅशनच्या नावाखाली काय हातावर टेकवलं ते एकदा चारचौघांत सांगायचं, असं जयमालाबाई ठरवून आल्या होत्या. त्यातलं दुसरं आता जमणार नव्हतं.

प्राचीला मनातून बरं वाटलं. तिने काचेतून बाहेर बघितलं. आल्यापासून ती तेच करत होती. अभिराम दिसत होता, टोपी नीट होती.

प्रितमने अंगठी काट्यावर ठेवली, आतल्या बाजूचा हॉलमार्कचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि एकदम हसला. "ही तर आमचीच. सुचिता मॅडमनी नेलेली ना? तीपण मोडीवरच केलेली. बाळाच्या बिंदल्या, वाळे, कमरेची साखळी. काय सुंदर काम होतं, आटवायला जिवावर आलं माझ्या. डबीतून काढलेलेसुद्धा नव्हते कधी."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून प्रितम काट्याची काच पुसायला लागला.

"तिच्या आईने आणलेले ते. डोहाळेजेवणाला." जयमालाबाई अंगठीकडे बघून बोलत होत्या. "आठव्या महिन्यात सगळं संपलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, देऊन टाक कुणाला. तर कपाटात जपून ठेवले." मग त्यांनी प्राचीकडे मान वळवली. "गेलेल्या जिवाचं सोनं आहे हे. आणि हे हातात घालून तू पोराला पाजतेस."

"आई, आटवलंय ते. आटवलं की काही उरत नाही. सोनं ते सोनंच."

प्राची हे नुसतं बोलायचं म्हणून बोलली नव्हती. लग्नाआधी ती तळोज्याच्या एका लॅबमध्ये धातूच तपासत होती. कशात काय उरतं आणि काय उरत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"मग घाल की," जयमालाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी कुठं नाही म्हणते? बाळ तुझं आहे."

अंगठी मखमलीच्या तबकात पडली होती. हात लांब करायचा तेवढा अवकाश. अभिरामचा गेल्या आठवड्यातला ताप. वजन जरा कमीच भरतंय, असं डॉक्टर म्हणाले ते. बारशाआधी भरत होतं. की तेव्हाही नव्हतं? प्राचीला आठवेना. तिचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथेच त्याची मूठ झाली.

"घ्या मोडीत," ती प्रितमला म्हणाली. "साखळी नको. त्यातलं काहीच नको. पैसे द्या नुसते."

जयमालाबाईंनी पर्सची चेन उघडली.

प्राची बाहेर आली. सुचिता अभिरामच्या तोंडावर ओढणीची सावली धरून उभी होती.

"झालं?"

"ठेवून घेतलीय त्यांनी. आठवडा लागेल म्हणाले."

"लागू दे गं. घाईत करतात आणि मग खडे हलतात." सुचिता कुजबुजली, "आत्ताच झोपलाय बघ. रिक्षा मिळेपर्यंत राहू दे माझ्याकडे."

"नको. द्या इकडे."

सुचिताने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दुकानाच्या काचेकडे. काचेपलीकडे जयमालाबाई तिच्याकडेच बघत उभ्या होत्या. मग काही न विचारता तिने बाळ पुढे केलं.

झोपेतही अभिरामने सुचिताचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. प्राचीने त्याची बोटं एकेक करून सोडवली.