सोवळ्यातले पैसे

"पैसे आहेत म्हणतेस, मग तिकीट काढून ये ना," अंथरुणाला खिळलेली आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

मॉस्कोत एकट्या राहणाऱ्या हेमांगीची सगळी बचत एका परदेशी एक्स्चेंजवर बिटकॉइनमध्ये होती. रशियावर निर्बंध आले आणि तिथे राहणाऱ्यांची खाती एक्स्चेंजनं गोठवली.

"आकडा दिसतो गं आई. काढता येत नाही."

"म्हणजे सोवळ्यात आहेत म्हण!" आई हसली, तशी तिला धाप लागली. "लहानपणी मी सोवळं नेसले की तू अशीच दारातून बघत बसायचीस. आणि शेवटी शिवायचीसच."

हेमांगीनं स्क्रीनवर आईच्या गालाला हळूच बोट लावलं.

"शिवलीस!" आई लटक्या रागानं म्हणाली. "आता मला परत आंघोळ."

हेमांगीचं बोट गार काचेवरच राहिलं.