आवाज गेला होता

"आई, ऐकू येतंय का?"

"अगदी स्पष्ट!" व्हिडिओ कॉलवर आई एवढ्या जोरात ओरडली, की त्याने कानातले हेडफोन उपसून टेबलावर ठेवले.

"गप्पा आहेत की भांडण?" बायको दारातून हसली.

आईने उभा जन्म कापडगिरणीत माग चालवले. त्या खडखडाटात शेजारणींशी गप्पा मारून तिला ओरडायची सवय लागली, असं तो सगळ्यांना सांगे. मुद्दाम तिला चांगल्यातले हेडफोन पाठवले, तरी ओरडणं तसूभर कमी झालं नाही.

वर तिच्या फर्माइशी. "दिवा लाव, अंधारात काय बसतोस!" "चहाचा कप खाली ठेव, तोंड दिसू दे." "मिशी काप रे जरा!" तो वैतागे, आणि मग आईवर वैतागलो म्हणून दिवसभर खजील होई.

आज ती म्हणाली, "एकटीला घर खायला उठतं रे. येऊ का तुमच्याकडे राहायला?"

त्याने चटकन म्यूट केलं आणि तो स्क्रीनकडे हसऱ्या चेहऱ्याने बघतच बायकोला म्हणाला, "ही इथे आली, तर डोक्याला कायमचा ताप. नकोच मला ती."

"असं बोलू नये रे," बायको म्हणाली.

त्याने म्यूट काढलं. "आवाज गेला होता गं आई. काय म्हणालीस?"

"काही नाही. मी इथेच बरी आहे, म्हटलं." हे मात्र ती हळू बोलली.

सुटलो, असं त्याला वाटलं. पण मग घास गोड लागेना. आपण काय बोललो, ते आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटे. शेवटी तिसऱ्या दिवशी त्याने आईच्या शेजारी राहणाऱ्या ताईला फोन लावला.

"ताई, आईला न्यायला येतोय. कायमची. नवे हेडफोनही आणतो, आधीचे खराब निघाले वाटतं."

"ती यायची नाही. परवापर्यंत बॅग भरून बसली होती, आता नावही काढू देत नाही. आणि हेडफोन कशाला? ते तर अजून खोक्यातच आहेत."

"म्हणजे?"

"तुझ्या जिवाला घोर नको म्हणून सांगू देत नव्हती. कान पार गेलेत रे तिचे."

"अगं, पण माझ्याशी तर नीट बोलते!"

"तुझे ओठ वाचते. गिरणीतल्या बायका तशाच तर गप्पा मारायच्या."