एक हजार चारशे बारा मिनिटं

काशिनाथरावांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि भाषणाची तालीम सुरू केली. चार वाजता माउंट वेलिंग्टन उपनगरातल्या हॉलमध्ये मराठी मंडळ त्यांच्या मुलाचा सत्कार करणार होतं. इंद्रनील बारा वर्षं जर्मनीत बर्फावरची हॉकी खेळला, तेवढ्यावरच पोट भरलं, आणि दोन आठवड्यांपूर्वी कायमचा घरी आला. आता तो समोर बसून पोहे खात होता. पुढच्या चार दातांची कवळी काढून त्यानं शेजारच्या वाटीत ठेवली होती.

"गोल एकोणीस," काशिनाथरावांनी वाचलं. "आणि मैदानावर एक हजार चारशे बारा मिनिटं. संघात सगळ्यांत जास्त."

इंद्रनीलचा चमचा थांबला. "हे कुठून काढलं, बाबा?"

"तुमच्या संघाच्या वेबसाइटवरून. जर्मन येत नाही मला, पण मिनिटं कळतात. दर वर्षी बेरीज करत आलोय. गोल कमी का, असं कुणी विचारलं की मी हाच आकडा तोंडावर फेकतो. मंडळानं बॅनरवरसुद्धा घातलाय."

"ती पेनल्टीची मिनिटं आहेत."

"म्हणजे?"

"फाउल केला की बाहेर काढतात. बाजूला काचेमागे बाक असतो, तिथे बसायचं. दोन मिनिटं, पाच मिनिटं." तो ओशाळं हसला. "बारा वर्षांत तेवढाच खेळलो असतो तर पहिल्याच ख्रिसमसला घरी पाठवलं असतं."

काशिनाथरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"एवढी शिक्षा कशाबद्दल?"

"मारामारी. ती माझी नोकरी होती. आमच्यात एक एमिल होता. अंगानं एवढासा, पण हीप्स ऑफ गोल, अगदी ढिगानं करायचा. त्याला कुणी मुद्दाम आडवं पाडलं की मी ग्लव्ह्ज टाकून पाडणाऱ्याच्या अंगावर जायचो." त्यानं पोह्यांची बशी बाजूला सारली. "मी नाही येत आज. एखादं पोरगं फोनवर शोधेल आणि हॉलभर सांगत सुटेल. तुमचं हसं होईल."

हा आकडा काशिनाथरावांनी कुणाकुणाला ऐकवला नव्हता? बॉटनी उपनगरातला डेअरीवाला, कोपऱ्यावरचा दुकानदार, तोसुद्धा त्यांना पाहिलं की विचारायचा, अंकल, किती मिनिटं झाली?

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. 'मैदानावर' हा शब्द खोडला. आकडा तसाच ठेवला.

"त्या एमिलनं गोल किती केले?"

"तीनशे आठ."

"आणि दात?"

इंद्रनीलनं वर पाहिलं. "कुणाचे?"

"त्याचे. एमिलचे."

"आहेत की."

"सगळे?"

"सगळे, बाबा."

काशिनाथरावांनी आकड्याच्या पुढे दोन ओळी लिहिल्या, एक एमिलच्या गोलांची, एक त्याच्या दातांची. सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं. मग ते उठले, वाटीतली कवळी नळाखाली नीट धुतली आणि ओल्या हातानं मुलापुढे धरली.

"घाल. साडेतीनला निघायचंय. बॅनर आहे तसा राहू दे."