राखाडी गाडी घेऊ नका

बंडूजींनी राखाडी गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि तोच हात कपाळाला लावला, तेव्हा रजत बघत होता. गिऱ्हाईक गाडीच्या पाया पडलं की सौदा झालाच म्हणून समजायचं.

"हेच घेऊ," बंडूजी म्हणाले. "निम्म्या भावात अशी गाडी कुठं भेटते?"

बंडूजींचं कारंजा घाडग्याला किराणा दुकान. बरोबर बायको शोभाबाई आणि लेक अपेक्षा. शोभाबाईंच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा वर्ध्याला यावं लागे. येताना त्या बसमध्ये कशाबशा तग धरत, जाताना मात्र अंगात त्राण उरत नसे. म्हणून अपेक्षा गाडी चालवायला शिकली होती. मोबाइलवर या राखाडी गाडीची जाहिरात पाहून तिघं बायपासवरच्या रजतच्या आवारात आली होती. जुन्या गाड्या घ्यायच्या आणि विकायच्या, हा रजतचा धंदा.

शोभाबाई कडुनिंबाच्या सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या. सुया टोचून काळ्यानिळ्या झालेल्या हातावर त्यांनी पदर ओढून घेतला होता. त्यांनी रजतला जवळ बोलावलं.

"बेटा, आमाले गाडीतलं काई समजत नाई. तूच सांग, हे चांगली आहे न?"

रजतने मान खाली घातली. बाईंच्या डोळ्यांत बघायचं त्याला धाडस होईना. अशी साधी माणसं आली की त्याला हा धंदा नकोसा व्हायचा. त्यापेक्षा टायरला लाथा मारून बघणारं, हुज्जत घालणारं गिऱ्हाईक परवडलं. तिथं मन खात नाही.

"काकाजी," तो शेवटी म्हणाला, "हे गाडी घेऊ नका."

"काऊन?"

"टोटल लॉस आहे."

तिघांनाही काही उमगलं नाही. रजतने खालच्या आवाजात समजावून सांगितलं. अपघात एवढा मोठा होता की विमा कंपनीने दुरुस्तीचा नाद सोडून गाडी भंगारात काढली.

"ते भंगार मीच उचललं आन् बनवून घेतलं. पुढचा भाग दुसऱ्याच गाडीचा आहे. मधातून वेल्डिंग मारलं. एअरबॅग फुटल्या होत्या, त्या नवीन बसवल्याच नाई. नुसती झाकणं लावली. लाल दिवा लागू नाई म्हून वायर फिरवली. वरून रंग मारला का कोणाच्या बापाले समजत नाई. पन उद्या हायवेवर ठोकली तं..."

त्याने मान हलवली.

"मंग जाहिरातीत काऊन नाई लिहिलं हे?" अपेक्षाने विचारलं.

"लिहिलं तं कोण येईन, ताई?"

"पाप आहे हे."

"हो," रजत म्हणाला. "पापच आहे."

बंडूजी राखाडी गाडीपासून दूर झाले. मग त्यांनी रजतच्या खांद्यावर हात ठेवला. "आज तू आमचा जीव वाचवला, बापू. आता तुह्या मनानं दुसरी दाखव."

"आज राहू द्या, काकाजी. दुसरीकडं पाहा चार गाड्या."

"दुसरीकडं असं खरं कोण सांगते?"

अपेक्षाची नजर कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाडीवर गेली. "ते कशी आहे?"

रजत जरा घुटमळला. "महाग पडते ते."

"पन चांगली आहे न?"

"एका डॉक्टरबाईची होती," तो म्हणाला. "जपून वापरलेली."

अपेक्षाने गाडी आवारातच फिरवून पाहिली. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला एकदा दाखवून घेऊ, असं तिने वडिलांच्या कानात सांगितलं. बंडूजींना ते आवडलं नाही.

"एवढं सांगितल्यावर त्याच्यावर शक घेऊ काय आता?"

त्यांनी भावात घासाघीसही केली नाही. कागदांवर सह्या झाल्या. शोभाबाई उठून त्याच्याजवळ आल्या, पिशवीतून दोन संत्री काढून त्याच्या हातावर ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुह्या मायनं चांगलं वळण लावलं, बेटा. सुखात राह्यजो."

संत्री हातात घेऊन रजत तसाच उभा राहिला. अपेक्षाने गाडी चालू केली. गाडी फाटकापाशी पोचली तशी तो एकदम धावत गेला आणि काचेवर टकटक केली.

"काकू..."

"काय रे?"

त्याचे ओठ हलले. एक ट्रक धुरळा उडवत बाजूने गेला.

"बेल्ट लावत जा. मागं बसल्या तरी लावा. आन् ताई, हळू चालवजो."

"पाहा, किती जीव लावते पोरगा!" शोभाबाई कौतुकाने हसल्या. गाडी रस्त्याला लागली.

ती वळणाआड जाईपर्यंत रजत फाटकातच उभा होता. मागच्या शेडमधून चंद्रभान मिस्त्री चिंधीला हात पुसत आला.

"गेली काय?"

"गेली."

"खरं सांगू काय, भाऊ," चंद्रभान म्हणाला, "पांढरीचे ते दोन तुकडे जोडतानी मले वाटे, का हे गाडी कोणीच नेणार नाई."

राखाडी गाडीच्या काचेवरचा 'विकणे आहे' हा कागद रजतने फाटू न देता हळूच सोलला आणि पुढच्या वेळेसाठी खणात ठेवला. मग स्वतःच्या लहान लेकीची छोटी सीट आणून मागे पट्ट्यांनी घट्ट बसवली, आणि शोरूममधून कोरी करकरीत घेतलेल्या, आजवर साधा ओरखडाही न लागलेल्या आपल्या त्या राखाडी गाडीतून तो तिला शाळेतून आणायला निघाला.